शकुनबाई वेंगुर्ल्याले निघाली

लेकीच्या घरी न जाण्याची कारणं शकुनबाईला तोंडपाठ होती. समोरच्याचं तोंड पाहून ती कारण काढायची. बायांनी विचारलं तर गुडघे, माणसांनी विचारलं तर झेंडूची तोडणी. विहीणबाईंनी फोनवर विचारलं तर, "पावसानं रस्ते लय खराब झाले ना इकडं," आणि हे ती मे महिन्यातही बेधडक सांगायची. हर्षाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. पोरगी वेंगुर्ल्याला शाळेत मास्तरीण, नवरा तिकडचाच, तिनं स्वतः पसंत केलेला. लग्न अमरावतीला झालं आणि शकुनबाईनं ते हौसेनं लावून दिलं. पण चांदूर बाजारहून वेंगुर्ल्यापर्यंत काही तिचं पाऊल गेलं नाही.

खरं कारण आधीच सांगून टाकलेलं बरं. आता शकुनबाई स्वतःच ते चारचौघीत सांगते, तर आपण कायला झाकून ठेवायचं? नऊ वर्षांपूर्वी तिची गर्भाची पिशवी काढली. ऑपरेशन ठीकठाक झालं, पण तेव्हापासून लघवी धरून ठेवणं तिच्या हाती राहिलं नाही. लागली की लागली, पाच मिनिटांचा धीर नाही. शेतात असली तर तुरीच्या ओळी होत्या, घरी असली तर परसात संडास होता. रस्त्यावर काय करायचं? एसटीचा कंडक्टर काय शकुनबाईसाठी दर अर्ध्या तासाला घंटी मारणार होता? म्हणून तिनं आपलं जग अमरावतीपर्यंत आणून ठेवलं. तिथंही जायचं ते आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करून, ओठ कोरडे घेऊन. लग्नात पंगतीला बसली तरी पेला नुसता तोंडाला लावायची.

त्यापलीकडं ती नऊ वर्षांत एकदाच गेली. सात वर्षांपूर्वी, बाळापूरला तिचे वडील वारले तेव्हा भाड्याच्या जीपनं. त्या जीपमध्ये काय झालं ते तिनं नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलं नाही.

नवरा शेषराव म्हणजे गरीब गाय. भाजीचा वाफा आणि झेंडूचं वावर सोडून त्याला दुसरं काही कळत नव्हतं, पण बायकोचं दुखणं कळत होतं. "डॉक्टरले दाखव ना वं," तो म्हणायचा. ही म्हणायची, "काय दाखवू? डॉक्टर माणूस हाय. अन् ह्या वयात हे असंच राह्यते." विषय संपला.

दिवाळी झाली आणि हर्षाचा फोन आला. वेंगुर्ल्यात घर बांधून झालं होतं. मार्गशीर्षातल्या पहिल्या शुक्रवारी वास्तू होती. शकुनबाईनं तोंड उघडलं, गुडघे म्हणायच्या बेतात होती, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "आई, कारण सांगू नको. मले समजते ना. माहं लग्न तुले मनातून पटलंच नाही. ह्या बारीले तू नाही आली, त मंग मी बी तिकडं येणं बंद करते. कोणाले उगाच जड नको व्हायले."

भांडून बोलली असती तर शकुनबाईनं परतून दोन शब्द ऐकवले असते. पोरगी भांडली नाही. ठरवून टाकल्यासारखं बोलली आणि फोन ठेवला. शकुनबाई हातात फोन घेऊन ओट्यावर बसली, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते तिला पदरानंही आवरेना.

"सांगून टाक ना तिले," शेषराव म्हणाला.

"काय सांगू? तुह्या मायचं लुगडं वलं होते म्हणून सांगू? जवायाच्या घरी?"

दोन दिवस घरात चूल पेटत होती एवढंच. तिसऱ्या दिवशी अकोल्याहून तिच्या धाकट्या भावाचा, गजेंद्रचा फोन आला. गजेंद्रचं अकोल्याच्या जुन्या शहरात गाड्यांच्या बॉडी बिल्डिंगचं वर्कशॉप. शाळेच्या गाड्या, कुल्फीच्या गाड्या, वरातीच्या डीजे गाड्या, जे म्हणाल ते पत्र्यात आणि प्लायवूडमध्ये बसवून देणारा माणूस. यंदा त्याच्या डोक्यात मोटरहोम शिरलं होतं. जुनी मिनीबस घेऊन त्यानं आठ महिने खपून तिचं फिरतं घर केलं. दोन पलंग, गॅसची शेगडी, पंखा, बेसिन. ते तो पुढं भाड्यानं देणार होता.

"ताई, गाडी तयार झाली. भाड्यानं देण्याच्या आंधी लांबच्या रस्त्यावर पळवून पाह्याची हाय," तो म्हणाला. "मले कोणीकडं बी जायचंच हाय, त म्हटलं वेंगुर्ल्याले जाऊ. हर्षाची वास्तू बी हाय. तू अन् भाऊजी चला." आणि मग, गाडीला आरसा आहे असं सांगावं तितक्या सहज म्हणाला, "संडास हाय गाडीत."

शकुनबाईनं शेषरावला विचारलंसुद्धा नाही. "येतो म्हण," असं स्वतःलाच बजावून ती फोनमध्ये ओरडली, "येतो आमी!"

सोमवारी सकाळी गाडी दारात आली तेव्हा अर्धं गाव गोळा झालं. शकुनबाई आत चढली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शेगडीपासून तीन हातांवर संडासाचं दार!

"अवो माय! गजू, इथं भाकरी टाकू अन् तिथं..."

"पंखा हाय ताई, वास नाही येत."

"वासाचं नाही रे बापा, देवाचा फोटो कुठं लावू?"

शेवटी देवांची सोय ड्रायव्हरच्या काचेजवळ झाली, तोंड रस्त्याकडं. वावर पोराच्या, योगेशच्या हवाली केलं. वांगी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, भेदरं म्हणजे टमाटे, लेकीसाठी ज्वारीचं पीठ आणि झेंडूची दोन पोती भरली. वेंगुर्ल्याच्या घराला तोरण वऱ्हाडातल्या फुलांचंच लागलं पाहिजे, असा तिचा हट्ट होता. रस्ता साडेनऊशे किलोमीटरचा. गुरुवारी संध्याकाळी पोचायचं, शुक्रवारी पूजा. हिशेब सरळ होता.

पण गजेंद्रची बायको बेबीताई हिनं आदल्या दिवशीच गाडीचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, "आमचे फिरते घर, उद्या अमरावती-अकोला-बाळापूर मार्गे कोकण." झालं! आता आपल्या वऱ्हाडात माणूस गावावरून जातो आणि चहा न घेता जातो, म्हणजे त्यानं नातं तोडलं. अमरावतीत नणंद रस्त्यावर उभी. तिच्याकडं जेवण. जेवण झालं तर तिची जाऊ शेजारीच राहते, तिच्याकडं चहा. जावेकडं घेतला तर भाच्याकडं का नाही? बडनेऱ्याला भाचा, मूर्तिजापूरला मावसबहीण. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी ओटी, आणि प्रत्येक घरचे लोक गाडी पाहायला. शकुनबाई पेला तोंडाला लावून खाली ठेवायला गेली की मावसबहीण म्हणायची, "काहून वं, आमचा च्या गोड नाही लागत का?" आणि ती पीत गेली. मनात म्हणत गेली, गाडीत हाय ना, आता कायचं भेव.

रात्री मुक्काम जालन्याला ठरला होता, झाला तो अकोल्यालाच. "घर असताना गाडीत झोपता का? लोक काय म्हणतीन?" असं म्हणून बेबीताईनं पलंगावरच्या गाद्याच उचलून घरात नेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीताईच्या भिशीच्या सतरा बाया गाडी पाहायला आल्या. बाळापूरला दुपारी जानरावकाका, वय वर्षं ऐंशी, काठी टेकत चढले, संडासाचं दार लावून दहा मिनिटं आत बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "एक नंबर! अमेरिकेत असाच राह्यते." काका खामगावच्या पलीकडं कधी गेले नव्हते.

आणि ह्या सगळ्यांत पुढं कोण? गजेंद्र! कारागिराला आपली वस्तू दाखवायची असली की त्याचं भान जातं. "दाबा ना, दाबा!" म्हणत त्यानं प्रत्येकाला फ्लश दाबून पाहायला लावला. पोरांनी तर रांग लावून दाबला. नातवापासून आज्यापर्यंत अख्ख्या गोतानं त्या संडासाचं उद्घाटन केलं, एक शकुनबाई सोडून. इतक्या माणसांसमोर तिला त्या दाराकडं पाहायचीही लाज वाटत होती. जिथं थांबायचे तिथं ती नातेवाइकांच्याच घरी आवरून घ्यायची.

खामगाव मागं पडलं, चिखलीचा रस्ता लागला आणि शकुनबाईला लागली. आता तिची हक्काची वेळ होती. ती उठली, दार उघडलं, तर आत लाल दिवा लुकलुकत होता. नळ सोडला, फुस्स. वरची पाण्याची टाकी रिकामी, खालची मैल्याची टाकी काठोकाठ.

"गजू! हा लाल दिवा कायचा हाय?"

गजेंद्रनं मान वळवली आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, थांब, वापरू नको, वर येईन. पुढं कोठं पंपावर..."

पंप चौदा किलोमीटरवर होता. दोन्ही बाजूंना सोंगून मोकळी झालेली सोयाबीनची वावरं, आडोशाला एक झुडूप नाही. रस्त्यावर ट्रकमागून ट्रक. अकरा घरचा चहा थांबायला तयार नव्हता. गाडी थांबली तेव्हा उशीर झाला होता.

शकुनबाईनं आतून कडी लावून घेतली आणि त्या कोरड्या संडासात उभी राहून हमसून हमसून रडली. त्या जीपनंतर जे कधी होऊ दिलं नव्हतं ते भावाच्या नव्याकोऱ्या गाडीत झालं. शेषराव दाराशी आला. "लुगडं देऊ का दुसरं?" एवढंच त्याला सुचलं. आतून आवाज आला, "लुगडं द्या, अन् गाडी घराकडं फिरवा. मी नाही येत. पोट्टीले काय समजाचं ते समजू द्या."

शेषरावनं लुगडं आणून दिलं, तेवढंच घेऊन तिनं परत कडी लावली. मग गजेंद्र आला. दाराबाहेर खाली बसला.

"ताई, गलती माही हाय. मले मारून टाक," तो म्हणाला. "ज्याच्यासाठी केलं त्याच्याच कामी नाही येऊ देलं मी."

"ज्याच्यासाठी म्हंजे?"

"बाबा गेले तवा तू जीपनं आली ना. तुमी उतरून घरात गेले, अन् जीपवाला सीट पाहून बोंबलायले लागला. मंग मीच धुतली थे सीट. मले तवाच समजलं." तो नाक पुसत राहिला. "ह्या गाडीत पहिले संडास बसला, ताई. बाकीची गाडी मंग त्याच्या भोवताल केली. भाड्यानं देणार हाय, पण पहिले तुले हर्षाकडं नेणार होतो."

मग कडी सरकली. शकुनबाई लुगडं बदलून बाहेर आली, डोळे लाल, नाक लाल, आणि संतापलेली.

"तुले सात वर्षांपासून ठाऊक होतं, अन् तू बोलला नाही?"

"तू बोलली का?"

तिनं भावाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि खाली उतरली. समोर शेतात एक घर दिसत होतं, बाजूला बोअरची टाकी, मागं संडास. "तुमी दोघं इथंच राहा," ती म्हणाली. "तुमाले सांगता येणार नाही नीट."

घराच्या ओट्यावर एक बाई तुरीच्या शेंगा सोलत होती. नाव गोदाबाई, शकुनबाईच्याच वयाची. शकुनबाईनं आधी गाडीची टाकी भरली म्हणून सांगितलं, मग पाणी संपलं म्हणून सांगितलं, आणि मग काय झालं कोण जाणे, अनोळखी बाईसमोर तिच्या तोंडून सगळंच निघालं. पिशवी, लघवी, लेक, सहा वर्षं. नवऱ्याशिवाय कोणाला न सांगितलेलं तिनं उभ्याउभ्या सांगून टाकलं.

गोदाबाईचे हात थांबले होते. तिनं आधी घरात कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "बाई, मले बी तसंच हाय," ती हळूच म्हणाली. "पाच वर्सं झाले, मेहकरले माहेर हाय, गेली नाही. भाऊ म्हणते, बहीण वाटणीवरून रुसली. कायची वाटणी अन् कायचं काय."

आणि मग शकुनबाईला जो राग आला ना, तो नेमका कोणावर ते तिला सांगता आलं नसतं. मेहकर इथून हाकेवर, आणि ही बाई पाच वर्षं ओट्यावर बसून आहे! आपण काय वेगळं करून राहिलो?

"सांग ना वं भावाले," ती म्हणाली.

"तू सांगितलं का लेकीले?"

"आता सांगतो. तिच्या दारात जाऊन सांगतो."

गोदाबाईच्या नवऱ्यानं आणि गजेंद्रनं मिळून मागच्या खड्ड्यात टाकी रिकामी केली, बोअरच्या पाइपनं पाणी भरलं. सगळं धुऊन लख्ख झाल्यावर शकुनबाईनं गोदाबाईला हाताला धरून गाडीत चढवलं आणि दार उघडून दाखवलं. "पाह्यून नको घेऊ, वापरून पाह्य," ती म्हणाली. गोदाबाई लाजली, हसली, आणि आत गेली. निघताना दोघींनी नंबर घेतले.

गाडी सुरू झाल्यावर शकुनबाईनं दोन्ही माणसांना सुनावलं. "आता वेंगुर्ल्यापर्यंत कोणी पाहुणा ह्या दारापाशी दिसला त तंगडं तोडीन. अन् गजू, तू पहिले तुहा फोन बंद कर."

तसाही बुलढाणा जिल्हा संपला आणि नातेवाईक संपले. मग मात्र प्रवास झाला बापा! शकुनबाई खिडकीशी बसली, तांब्याभर पाणी प्यायली, हवं तेव्हा उठली, आणि कोणी मान वळवून पाहिलं नाही. सोलापूरकडच्या बाजारात उतरून वांगी हातात घेऊन नाक मुरडलं. सांगोल्याला डाळिंबवाल्याशी अर्धा तास बोलत बसली. सकाळी कोणत्याशा गावाबाहेर गाडीच्या पायरीवर बसून तिनं भाकरी खाल्ली आणि शेषरावला म्हणाली, "आपण आतापर्यंत काहून नाही फिरलो हो?" शेषराव हसला.

पण गेलेला दीड दिवस परत येत नव्हता. शुक्रवारी दुपारी ते कोल्हापूरच्या अलीकडंच होते. हर्षा फोन उचलत नव्हती. मग तिचा मेसेज आला, गजेंद्रनं वाचून दाखवला, "पूजा झाली. आता घाई करू नका." शकुनबाईनं नुसतं "हाण गाडी" म्हटलं. फुलांच्या पोत्यांवर पाणी शिंपडत राहिली, आणि मनात एकच वाक्य घोकत राहिली. लेकीला पहिलं काय सांगायचं, कसं सांगायचं. रात्री घाटात गाडी घालायला गजेंद्र तयार झाला नाही, म्हणून मुक्काम आंबोलीलाच पडला, आणि सकाळी घाट उतरता उतरता ते वाक्य शंभरदा बदललं.

शनिवारी दहा वाजता गाडी वेंगुर्ल्यात पोचली. गल्ली अरुंद, गाडी आत जाईना. शकुनबाई उतरून चालत निघाली. चिऱ्यांचं नवं घर, दारात मांडव अजून तसाच. विहीणबाई पायांवर घालायला पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभ्या होत्या. जावई मागं. आणि उंबऱ्यात हर्षा, हाताची घडी घालून, चेहरा लाकडासारखा.

"पाहुणे काल गेले," ती म्हणाली.

घाटभर घोकलेलं वाक्य शकुनबाई विसरली. कारण गाडीपासून घरापर्यंत चालताना तिला लागली होती. नऊ वर्षांत अशा वेळी ती गप्प बसली होती, खोटं बोलली होती, पाय आवळून हसली होती. आज तिनं हात वर केला.

"थांबा विहीणबाई, पाणी मंग घाला. पहिले मले संडास कुठं हाय ते सांगा. मले थांबता येत नाही. नऊ वर्षं झाले, ऑपरेशन झालं तवापासून थांबता येत नाही!"

जावई आभाळाकडं पाहायला लागला. विहीणबाईंनी तांब्या खाली ठेवला. "न्हाणीच्या बाजूक आसा, येवा," म्हणत त्यांनी तिला हाताला धरून झपाझप आत नेलं.

शकुनबाई बाहेर आली तेव्हा हर्षा न्हाणीच्या दाराशीच उभी होती. हाताची घडी सुटली होती.

"ह्याच्यासाठी?" ती म्हणाली. "आई, सहा वर्षं तू ह्याच्यासाठी नाही आली?"

"हो."

"अन् मी इथं सगळ्याइले सांगत होते, माही आई मानी हाय, तिले राग हाय..." तिनं मनगटानं डोळे पुसले. "मी लय रडले वं आई."

"मी बी लय रडली."

"मंग सांगाचं ना!"

"आता सांगितलं ना. सगळ्या मांडवाले सांगितलं."

हर्षानं तिला घट्ट धरलं. रडता रडता तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती आईला दटावायला लागली, "सोमवारी माह्यासंगं डॉक्टरकडं चालाचं. बाई डॉक्टर हाय. नाही म्हणाचं नाही."

"नाही कोण म्हणते?" शकुनबाई म्हणाली. "पण थे डॉक्टर जे सांगीन थे मले लिहून दे. चिखलीच्या रस्त्यावरच्या एका बाईले सांगाचं हाय."